एसएफआरए सेट, आठ महिन्यांनंतर: यंत्र चांगलं, क्लॅम्प भिकार

ऑगस्टमध्ये सेट घेतला, आतापर्यंत तेवीस ट्रान्सफॉर्मर झाले. एसएफआरए म्हणजे वाइंडिंगमधून (ट्रान्सफॉर्मरच्या आतल्या तारेच्या गुंडाळीतून) २० हर्ट्झ ते २ मेगाहर्ट्झपर्यंतचा सिग्नल सोडायचा आणि आलेला ग्राफ जुन्या ग्राफशी ताडून वाइंडिंग हललंय का ते बघायचं. मला बोलायचंय ते केबलचं अर्थिंग ट्रान्सफॉर्मरला पकडणाऱ्या क्लॅम्पबद्दल.

ऑक्टोबरात, गळीत हंगाम तोंडावर असताना, कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात ३३/११ केव्हीचा ५ एमव्हीए ट्रान्सफॉर्मर तपासत होतो. जुन्या ग्राफवर नवा ठेवला. ४०० किलोहर्ट्झपर्यंत रेषेवर रेष. पुढे मात्र तिसऱ्या फेजची रेष ५-६ डीबी खाली. इलेक्ट्रिकलच्या साहेबांचा चेहराच उतरला. वाइंडिंग हललं असेल तर टाकी उघडायची, म्हणजे हंगामाची सुरुवात गेली.

सर्व्हिसवाल्यांना फोन केला. "सेट पाठवा, केबल बदलावी लागेल, तीन आठवडे." वर ३८ हजारांचा आकडा. केबल डोळ्यांनी न बघता! त्या रात्री सेट विकायचंच ठरवलं होतं.

सकाळी दोन्ही केबलची टोकं एकमेकांना जोडून स्वीप (सगळ्या फ्रिक्वेन्सींवरून एक फेरी) घेतला. शून्य डीबीवर सरळ रेष. म्हणजे यंत्र आणि केबल ठणठणीत. मग तोच फेज तीनदा मोजला, तर वरचा भाग तिन्ही वेळा वेगळा. वाकलेलं वाइंडिंग दर वेळी नवं उत्तर देत नाही. वाकून बुशिंगचा (वाइंडिंगचं टोक टाकीबाहेर आणणाऱ्या इन्सुलेटरचा) फ्लँज, म्हणजे तळाची धातूची कड, बघितला: रंगाचा जाड थर, आणि क्लॅम्पचे बोथट दात त्या रंगावरच टेकलेले. कानशीनं रुपयाएवढी जागा चकाकेपर्यंत घासली, अर्थिंगची तांब्याची पट्टी बुशिंगला लगटून ताणून घेतली. लोंबती ठेवली की तिचाच इंडक्टन्स ग्राफात येतो. पुन्हा स्वीप. रेष जुन्या रेषेवर जाऊन बसली.

तेव्हापासून यंत्राबद्दल माझं मत पूर्ण बदललं. पण लाखांच्या सेटबरोबर असला क्लॅम्प देताना काहीच कसं वाटत नाही? उद्यमनगरात टोकदार बोल्टचे तीन क्लॅम्प करून घेतले, ६५० रुपयांत. ३८ हजारांच्या जागी!

अजून एक. वाइंडिंग रेझिस्टन्स (तो डीसी करंट सोडून मोजतात) आधी घेतला तर कोअरमध्ये चुंबकत्व राहतं आणि ग्राफची खालच्या फ्रिक्वेन्सीची बाजू सरकते. एसएफआरए आधी घ्या, नाहीतर डीमॅग्नेटाइझ करा.

कारखान्याचा ट्रान्सफॉर्मर हंगामभर लोडवर चालला. फ्लँजवरच्या घासलेल्या जागेला ग्रीस लावून ठेवलंय, पुढच्या वेळी क्लॅम्प तिथंच लागेल.