आवडती गायिका कुठं ऐकावी: पुण्यात सवाईला की कोल्हापुरात बैठकीत?

भाच्याने विचारलंय, "मामा, ज्यांना दोन वर्षं नुसतं मोबाइलवर ऐकलं, त्या डिसेंबरात पुण्याला सवाईत गाणार आहेत आणि जानेवारीत इथं आपल्याकडं बैठक आहे. सुट्टी एकदाच मिळणार. कुठं जाऊ?"

सवाईची थोरवी मी नाकारणार नाही. भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला उत्सव आहे तो. ओळीनं काही दिवस, एकामागून एक घराणी. सकाळी नावही माहीत नसलेला कलाकार संध्याकाळपर्यंत आपला होऊन जातो. आपल्याला नक्की काय आवडतं हेच अजून उमगलं नसेल, तर डोळे झाकून पुणं गाठावं. हजारो माणसं एका समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, एकदम "वाः" म्हणतात ना, ते अंगावर येतं.

पण तुझं तसं नाही. तुला एकच गळा ऐकायचाय. तिथं प्रत्येकाला वेळ मोजून मिळतो, मागे बसलास तर चेहरा पडद्यावर दिसणार आणि सूर कर्ण्यातून येणार. त्यात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, सवलतीचे मोजके दिवस सोडले तर. म्हणजे दरबारी, मालकंस हे उत्तररात्रीकडचे राग त्यांच्या खऱ्या वेळेला कानावर पडणं अवघडच. बंद सभागृहाला त्या नियमात मोकळीक आहे.

बैठकीत काय होतं सांगतो. गायिका दोन-अडीच तास तुमचीच असते. विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल घाईनं आवरावा लागत नाही, अर्धा तास बढत, म्हणजे रागाचा सुरासुरानं विस्तार, चालली तरी कुणी घड्याळ दाखवत नाही. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती भरीव गुंज, थेट कानात शिरते. तान घेण्याआधीचा श्वास ऐकू येतो, तबलजीकडं टाकलेली नजर दिसते. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या रसिकानं मान हलवली की तीच सुरेल जागा गाण्यात पुन्हा वेगळ्या वळणानं येते. मोबाइलवर जे कधीच सापडत नाही, ते हे.

आणि गाव कोणतं! शाहू महाराजांनी गवई अल्लादिया खाँसाहेबांना दरबारात आणलं, त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी इथं रुजली. गायन समाज देवल क्लब ही इथली संगीतसंस्था १८८३ पासूनची. १९१५ चं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं, तेव्हा गावातली माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. अशा गावात गाताना कलाकारही जरा सावरूनच बसतो.

खर्चाचं एका ओळीत: पुणं सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढं, वर मुक्काम, इथं रात्री घरी येऊन तांबडा-पांढरा.

इथली एक उणीव मात्र आहे. बैठक कधी ठरेल याचा भरवसा नसतो, आणि तब्येत किंवा प्रवासामुळं ती पुढं ढकलली तर त्या वर्षी तुझ्या हाती काहीच लागणार नाही. तारीख पक्की आहे का, एवढं आयोजकांना विचारून घे.

पक्की असेल तर जानेवारीच. अर्धा तास आधी ये, तिसऱ्या रांगेच्या आत बस, आणि तंबोरे जुळत असताना मोबाइल काढू नकोस. गाणं तिथूनच सुरू होतं.