गांडुळांची पेटी की थरांची टोपली? घरोघरी खत करायला शिकवताना काय निवडावं

आपल्या इमारतीतल्या चार घरांना ओला कचरा घरीच जिरवायला शिकवायचं ठरवलं की पहिला प्रश्न येतो तो पद्धतीचा. सगळ्यांना एकच काहीतरी दाखवायचं, तर काय दाखवायचं? मी आधी तीन वर्षं गांडुळांची पेटी सांभाळली आणि तीच शेजाऱ्यांना शिकवली. नंतर थरांच्या टोपलीकडे वळलो, म्हणजे ओल्या कचऱ्यावर पाचोळ्यासारखं कोरडं घालत भरायच्या टोपलीकडे. दोन्हींचं खत कुंड्यांना घातलं आहे, दोन्हींवर लोकांच्या शंका ऐकल्या आहेत. नव्या घराला आता मी टोपली सुचवतो. का, ते सांगतो. पण तुमच्या घरची रीत वेगळी असू शकते, हे धरूनच वाचा.

बोकाशीबद्दल, म्हणजे बादलीत कचरा आंबवायच्या पद्धतीबद्दल, हमखास विचारलं जातं, म्हणून तेवढं आधी. जपानमधल्या ओकिनावाचे तेरुओ हिगा यांच्या जिवाणू-मिश्रणामुळे ती जगभर पोचली. झाकणबंद बादलीत कचरा कुजत नाही, आंबतो. शिजवलेलं अन्नही चालतं, हा तिचा मोठा गुण. पण भरलेली बादली दोन आठवडे बंद ठेवून उघडली तरी देठ देठच दिसतो आणि साल सालच. ते पुढे मातीत पुरावं लागतं. ज्यांच्याकडे माती नाही त्यांना मी ती शिकवत नाही.

आता गांडुळं. रोजच्या कामाचा विचार केला तर पेटी टोपलीपेक्षा सोपी आहे, हे मान्य करायलाच हवं. ढवळायचं नाही, थर मोजायचे नाहीत. घालणं बेताचं असेल तर वास जवळजवळ नाहीच. पेटी ओलसर ठेवून दोन आठवडे गावाला गेलात तरी काही बिघडत नाही. आणि खत! बारीक, काळं, रवाळ, हातात घेतलं तर पावसानंतरच्या मातीचा वास. रोपांसाठी मला आजही तेच जास्त आवडतं. मुलं तर पेटीपाशी तासन्‌तास बसतात.

दोन गोष्टी मात्र शिकवताना पुन्हा पुन्हा सांगाव्या लागतात. एक, बागेत खणून काढलेली गांडुळं चालत नाहीत. ती मातीत राहणारी, पेटीत टिकत नाहीत. लागतात ती कुजत्या पाल्यात, वरच्या थरात राहणारी. बहुतेक ठिकाणी आयसेनिया फेटिडा ही जात. दुसरी, उष्णता. १५ ते २५ अंश सेल्सिअस त्यांना मानवतं, ३५च्या वर जिवावर बेततं. उन्हाच्या गॅलरीत पेटी ठेवू नये.

इथवर सगळं ठीक होतं. माझं मन बदललं ते खत काढण्याच्या दिवसामुळे.

खत तयार होतं, पण त्यात गांडुळं असतात. त्यांना वेगळं कसं करायचं? मी जमिनीवर प्लास्टिक अंथरून पेटी उपडी केली, छोटे छोटे ढीग केले आणि वर दिवा लावला. गांडुळांना उजेड सोसत नाही, ती ढिगाच्या पोटात शिरतात. मग वरचं दोन बोटं खत हलक्या हाताने काढून घ्यायचं, दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा वरचा थर काढायचा. सकाळ त्यात गेली. शेवटी प्रत्येक ढिगाच्या तळाशी एकमेकांत गुंतलेल्या गांडुळांचा ओला गोळा उरतो, तो उचलून पेटीत परत ठेवायचा. त्यानंतर काढलेल्या खताकडे नीट पाहिलं तर त्यात पिवळसर, लिंबाच्या आकाराचे, भाताच्या शितापेक्षाही लहान दाणे दिसले. ते त्यांचे कोष. एकेका कोषातून दोन-तीन पिल्लं निघतात. म्हणजे कितीही निवडलं तरी पुढची पिढी खताबरोबर कुंडीत जाते. चाळणी लावावी तर ओलं खत जाळीला चिकटतं आणि गांडुळं अडकून दुखावतात.

मला स्वतःला ते काम जड गेलं नाही. अडलं ते शिकवलेल्या घरांमध्ये. पेटीला खाऊ घालायला सगळे आठवड्याभरात शिकले. चार-पाच महिन्यांनी मात्र एकेकाचा फोन येऊ लागला, "पेटी भरली, आता काय करू?" मी दिव्याची रीत सांगायचो, समोरून "बरं" यायचं, आणि पेटी तशीच राहायची. शेजारच्या काकूंनी स्पष्ट सांगितलं, "अरे, हात लावायला जीव धजत नाही. आणि चमच्याने काढायला गेले तर एखादं तुटेल." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. भरलेल्या पेटीतच रोजचा कचरा पडत राहिला की तळ दाबला जातो, हवा जात नाही, पाणी साचतं. मग वास येतो, आणि पेटी जिन्याखाली जाते. मी शिकवलेल्या बहुतेक पेट्यांचं हेच झालं.

यावर उपाय आहेत. पेटीच्या एकाच बाजूला खाऊ घातला तर काही आठवड्यांत बरीचशी गांडुळं तिकडे सरकतात. एकावर एक ताटल्या असलेल्या पेटीत ती वरच्या ताटलीत चढतात. पण हे पेटी अर्धी रिकामी असतानाच ठरवावं लागतं, आणि नवशिका माणूस ती भरल्यावर विचारायला येतो. निदान माझा अनुभव तसा आहे.

टोपलीत हा दिवसच येत नाही. खत तयार झालं की चाळायचं, दहा मिनिटांत काम होतं. खाली पडलं ते खत. वर राहिलेला भरडा पुन्हा टोपलीत, तोच पुढच्या खेपेचं विरजण.

टोपली कष्टाची नाही असं नाही. दोन-तीन दिवसांनी खुरप्याने तळापासून हलवावी लागते. कोरडा माल संपला की सगळं अडतं, म्हणून पानगळीच्या दिवसांत दोन पोती पाचोळा भरून ठेवावा. कर्ब-नत्राचं (कार्बन आणि नायट्रोजनचं) प्रमाण २५ ते ३० ला १ हवं असं पुस्तकं सांगतात. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात नत्र जास्त, पाचोळ्यात आणि भुशात कर्ब जास्त. मी घरांना एवढंच सांगतो की एक वाटी ओलं पडलं की एक वाटी कोरडं, आणि वरून एक बोटभर झाकण कोरड्याचंच, म्हणजे चिलटं येत नाहीत. मूठभर माल पिळून बघायचा. बोटांत ओल जाणवावी, एखादा थेंब आला तरी चालेल, धार लागू नये.

शिकवणाऱ्याच्या दृष्टीने टोपलीचा खरा गुण हा की ती चूक लगेच सांगते आणि ती सुधारूही देते. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला तर नत्र जास्त झालं. सडका वास आला तर पाणी जास्त, हवा कमी. दोन्हींवर इलाज एकच, कोरडं घाला आणि हलवा. एक-दोन दिवसांत वास बसतो. ज्याने स्वतःच्या हाताने तो एकदा घालवला, त्याला नंतर माझी गरज लागत नाही. पेटीत चूक झाली तर गांडुळं मरतात, आणि मेलेली गांडुळं पाहिलेल्या माणसाला पुन्हा उभं करणं फार अवघड जातं.

दोन शंका येतातच. टोपलीत कधी करड्या-तपकिरी, चपट्या अळ्या दिसतात. त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या चावत नाहीत, उलट कचरा झपाट्याने संपवतात. दुसरी, "आमची टोपली गरम होत नाही." मोठा ढीग ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो, पण त्याला साधारण घनमीटरभर माल लागतो. घरची टोपली कोमट राहूनही खत देते, फक्त वेळ घेते. मात्र रोगट झाडं आणि पाळीव प्राण्यांची विष्ठा तिच्यात घालू नये.

इंडोनेशियातल्या सुराबाया शहरात जपानच्या कोजी ताकाकुरा यांनी घरगुती टोपली बसवली तीही याच जातीची: जाळीची टोपली, आतून पुठ्ठा, आणि सुरुवातीलाच घातलेलं तयार विरजण. हजारो घरांत ती पोचली, कारण टोपलीमागोमाग वस्तीतल्या स्वयंसेविकाही घरात पोचल्या. मीही आता टोपली देऊन थांबत नाही. दहाव्या दिवशी एकदा जातो, तेव्हा बहुतेकांची टोपली ओली झालेली असते, आणि पहिल्या चाळणीच्या दिवशी पुन्हा एकदा.

सावलीची थंड जागा असेल, दोन पेट्या ठेवायची सोय असेल आणि घरात कुणाला या जिवांचा लळा असेल, तर गांडुळं जरूर पाळा. तसं खत टोपली देत नाही. बाकीच्यांनी तळाला चार बोटं पाचोळा, त्यावर कुणाकडून तरी आणलेला दोन-तीन ओंजळी भरडा, एवढ्यावर आजच सुरुवात करावी. काकूंना मी माझ्या टोपलीतला दिला होता. परवा त्यांनी तो चाळून तळमजल्यावरच्या घराला दिला.