फुलबागेत घेतलेला १८५८ चा रुपया

गेल्या हिवाळ्यात माझ्या भाच्याचे लंडनमधील एक सहकारी ग्वाल्हेरला आमच्याकडे उतरले होते. जून १८५८ मधील लढायांचे त्यांचे वाचन दांडगे होते; १७ जूनला कोटा की सराय येथे राणी लक्ष्मीबाईंच्या फौजेवर चालून गेलेल्या ब्रिटिशांच्या आठव्या हुजार या घोडदळ रिसाल्यातील चौघांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले, हे लष्करात सारी हयात घालवलेल्या मला त्यांच्याकडून कळले.

फुलबागेत राणीच्या समाधीपाशी गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक गृहस्थ ‘सरकारी गाइड’ म्हणून पुढे आला. ओळखपत्रावर फोटो आणि शिक्का होता, खात्याचे नाव मात्र नव्हते. ते मी पाहिले आणि पाहुण्यांसमोर हुज्जत नको म्हणून गप्प बसलो. दीड हजार रुपये घेऊन त्याने तासभर माहिती दिली, ती बरीचशी खरीही होती, आणि तिथेच आमचा विश्वास बसला. मग त्याने आम्हांला एका गल्लीतील घरी नेले. रणभूमीवर नांगरताना सापडल्याचे सांगून तिथल्या म्हाताऱ्याने चांदीचा एक रुपया काढला, सोबत ‘परदेशी नेण्यास हरकत नाही’ असा शिक्क्याचा कागद दिला आणि बारा हजार घेतले.

रात्री पाहुण्यांनी भिंग लावले. नाण्यावर साल १८५८ आणि व्हिक्टोरिया राणीच्या मुखवट्याभोवती अक्षरे ‘व्हिक्टोरिया एम्प्रेस’! सम्राज्ञी ही पदवी तिला १८७६ मध्ये मिळाली. १८५८ मध्ये तर रुपयावर ईस्ट इंडिया कंपनीचे नाव असे. स्वयंपाकघरातल्या फ्रिजचे चुंबक जवळ नेताच ती चांदी टपकन त्याला चिकटली.

त्या कागदाचे रहस्य मला नंतर उमगले. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेताच येत नाही, म्हणजे नाणे खरे असते तर तो कागद खोटा ठरला असता आणि पाहुणे विमानतळावर अडकले असते. वस्तू जुनी नाही असा दाखला पुरातत्त्व खाते ती तपासून देते, विकणारा देत नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच त्या गल्लीत गेलो, तर घराला कुलूप होते आणि शेजारच्या किराणावाल्याने ती खोली दिवसाच्या भाड्याने मिळते असे सांगितले. तक्रार लिहून द्यायला पाहुणे हवे होते, पण त्यांची गाडी पहाटेच सुटली होती.