रिश्टर की मोमेंट?

कोयनेचा 11 डिसेंबर 1967 चा भूकंप कुठे 6.3, कुठे 6.5 असा छापलेला दिसतो. निपाणी-खानापूरकडे शाळेच्या प्रकल्पाला बसलेली मुलं इथंच अडतात: कुठला धरायचा? आधी मोजलं कशानं ते बघा: रिश्टर मापनश्रेणीनं की मोमेंट मापनश्रेणीनं.

रिश्टर (1935) भूकंपमापकावर उमटलेल्या रेघेची उंची धरते. वुड-अँडरसन यंत्रावर, केंद्रापासून 100 किलोमीटरवर रेघ 1 मिलिमीटर उठली की आकडा 3. अंतराची दुरुस्ती मात्र दक्षिण कॅलिफोर्नियाच्या खडकांवरून ठरवलेली. आपल्या काळ्या पाषाणासाठी ती नव्यानं बसवावी लागते. आकडा लवकर हाती येतो, पण 7 च्या आसपास अडकतो. भूकंप कितीही मोठा असो, तो फारसा पुढं सरकत नाही.

मोमेंट (1979) खडकाची ताठरता, सरकलेल्या भेगेचं क्षेत्रफळ आणि सरकण्याचं अंतर यांच्या गुणाकारावरून निघते. चिलीच्या 1960 च्या भूकंपाचा 9.5 तिनंच दिला. हिशेबाला वेळ लागतो, आणि बारीक धक्क्यांच्या लांब लहरी गोंगाटात बुडतात.

दोन्हींत 1 वाढला की ऊर्जा सुमारे 32 पट.

कोयनेच्या 2-3 च्या धक्क्यांची नोंदवही ठेवायची तर रिश्टर पुरे. किल्लारीशी (1993) तुलना करायची तर मोमेंटच, आणि दोन्ही आकडे त्याच पद्धतीचे घ्या. बेळगावातली भिंत किती हादरली हे दोन्ही सांगत नाहीत. त्यासाठी तीव्रतेचं मापन वेगळं असतं.