टीनएजर मुलांच्या आईबाबांसाठीचा 'कृपा आणि पालकत्व' कोर्स: आमचा अनुभव

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पालकांसाठी 6 आठवड्यांचा कोर्स झाला, तो नवऱ्याने आणि मी मिळून केला. घरात 15 वर्षांचा मुलगा नि 13 ची मुलगी, म्हणजे गरज किती होती बघा. मला वाटलेलं मुलांना वळण कसं लावायचं ते शिकवतील, पण पहिले दोन आठवडे सगळं आमच्यावरच, देवासमोर आपण क्षमा मिळालेले म्हणून उभे राहतो की मार्क मिळवायला, कारण घरात मुलांपर्यंत तेच पोचतं.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायाचं सेशन तर अप्रतिम. बापाची संपत्ती उधळून घरी परतणाऱ्या धाकट्याची, उधळ्या पुत्राची गोष्ट लहानपणापासून ऐकतेय, पण तो मुलगा 'मला मजुरासारखं ठेवा' असं म्हणायचं ठरवून निघतो आणि ते वाक्य तोंडातून निघायच्या आतच बाप झगा नि अंगठी आणायला सांगतो, हे कधी लक्षातच आलं नव्हतं. आणि थोरला भाऊ घर न सोडताही शेवटी बाहेरच उभा, बाप त्याचीही समजूत काढायला बाहेर येतो! माझी मुलगी अगदी तशी, सगळं वेळेवर, उलटून बोलणं नाही, म्हणून तिची मी कधी काळजीच केली नाही. त्या रात्री खूप रडले.

चौथ्या आठवड्यात मुलगा रात्री 2 वाजता फोनसकट सापडला. एरवी मी दारातूनच सुरू झाले असते. या वेळी त्याच्या शेजारी बसले आणि आधी, त्याच्या मित्रांसमोर ओरडले होते त्याची माफी मागितली. तो बराच वेळ चादरीचा दोरा ओढत बसला, मग म्हणाला, "आई, माझं अजून एक अकाउंट आहे." फोन आता रात्री हॉलमध्येच असतो हां, कृपा म्हणजे मोकळीक नव्हे हे त्यांनी नीट समजावलंय.

कमी कुठे पडलं तर मंडळीतल्या तरुण संघाच्या लीडर्ससाठीच्या भागात. गुप्त काय ठेवायचं आणि जिवाला धोका असेल तर अजिबात का लपवायचं नाही, हे स्पष्ट आहे, पण 'देव आहे कशावरून' असं पोरांनी विचारलं तर काय करायचं यावर जेमतेम एक पान! या वयात मुलं असल्या शंका आईबापाला नाही, संघातल्या दादा-ताईला सांगतात, आणि तिथे लगेच बायबलचं वचन तोंडावर फेकलं की पोर पुन्हा विचारत नाही. सोशल मीडियाचं सेशनपण घाईत उरकलं.

तरी नक्की करा, पण नवरा-बायको दोघांनी. एकाने माफी मागायची आणि दुसऱ्याने त्याच विषयावरून टोमणा मारायचा, असं आमच्याकडे पहिल्या आठवड्यात झालंय.