प्रश्नांचं रिपोर्टेड स्पीच: तक्ता पाठ करावा की बोलून शिकावं?

पंचवटीतली माझी भाची दहावीला आहे. परवा इंग्रजीची वही पुढे करत म्हणाली, "मामा, रिपोर्टेड स्पीचच्या, म्हणजे कुणी विचारलेला प्रश्न आपल्या शब्दांत सांगण्याच्या, नियमांचा तक्ता पाठ करू, की वाक्यं बोलून बघत शिकू?"

तक्ता दोन संध्याकाळी बसलं की पाठ होतो. 'सेड टू'चं 'आस्क्ड', हो-नाही उत्तराच्या प्रश्नाला 'इफ', काळ एक पायरी मागे. पण तिच्या वहीत होतं, 'शी आस्क्ड मी व्हेन डिड द बस लीव्ह फॉर त्र्यंबक.' काळ बदलला, प्रश्नाची रचना तशीच राहिली. बोलून शिकलं की ही चूक लवकर जाते. 'बस कधी सुटते' यात आपण शब्दांच्या जागा बदलत नाही, तसंच 'व्हेन द बस लेफ्ट' म्हणायचं. 'डिड' आपोआप गळतो. मात्र इथे काळ फसवतो. 'बस कधी सुटते असं तिने विचारलं' यात आपण 'सुटते' तसंच ठेवतो, इंग्रजीत 'लेफ्ट' करावं लागतं. शिवाय रोज बोलायला कुणीतरी सोबत हवं.

परीक्षा पंधरा दिवसांवर असेल तर तक्ताच धरा, फक्त 'आधी कर्ता, मग क्रियापद' हे वर लाल पेनाने लिहा. हातात वर्ष असेल आणि इंग्रजी बोलायचंही असेल, तर बोलूनच शिका. भाचीला मी हेच दुसरं सांगितलंय. तिची परीक्षा अजून लांब आहे.