पांढरी डायल की निळी? भाजलेल्या एनॅमलचा माझा अनुभव

घड्याळ घ्यायचं ते ग्राँ फ्यू एनॅमलच्या, म्हणजे धातूच्या चकतीवर काच भट्टीत भाजून केलेल्या डायलचं, एवढं ठरलं तरी काम अर्धंच होतं. उरलेल्या अर्ध्यात मी वर्षभर अडकून होतो. एकरंगी पांढरी घ्यावी, की कोरलेल्या नक्षीवर चढवलेली पारदर्शक निळी? शेवटी दोन्ही वापरून पाहिल्या. निळी आठ महिने ठेवली आणि मग एका दुसऱ्या हौशी माणसाला दिली. पांढरी अजून मनगटावर आहे. माझा कल कुठे आहे ते यातूनच कळेल, पण निळीवर अन्याय होऊ नये असंही मनापासून वाटतं.

आधी एक खबरदारी. विकणारा नुसतं ‘एनॅमल’ म्हणाला, तर डायल किती अंशांवर भाजली ते विचारा. ८०० ते ८५० अंश सेल्सिअसच्या आसपास उत्तर आलं, तर ती खरी काच. ‘कोल्ड एनॅमल’ म्हणजे भट्टीत न जाता घट्ट होणारं रेझिन. ते दिसतं छान, पण इथे ज्या दोन डायलींबद्दल लिहितोय त्यांच्या पंगतीत ते बसत नाही.

निळीचं रूप समजून घ्यायचं तर आमच्या नागपूरच्या इतवारीच्या सराफ्यात जावं आणि मीना केलेला एखादा जुना दागिना उजेडात फिरवून बघावा. तत्त्व तेच आहे. चांदीच्या किंवा सोन्याच्या चकतीवर लाटांची, किरणांची बारीक नक्षी कोरतात, तिला गिलोशे म्हणतात. त्यावर पारदर्शक काचेचे पातळ थर एकामागून एक भाजतात. कोरलेल्या खाचेत काच जाड बसते, तिथे निळा गडद होतो. उंचवट्यावर ती पातळ असते, तिथे तोच निळा उजळतो. म्हणजे रंग एकच, पण मनगट हललं की तो वाहतो. एकदा सकाळी सातला फुटाळा तलावाच्या काठावर ती डायल पाहिली आणि पुढची दहा मिनिटं पाण्याकडे लक्षच गेलं नाही. शेवटच्या भाजणीत बुडबुडा आला किंवा तडा गेला, तर आधीचं कोरीवकामही वाया जातं. किमतीत फरक पडतो तो यामुळेच, आणि तो मला रास्त वाटतो.

पांढरी पहिल्या नजरेत साधी वाटते. आमच्या घरी इनॅमलचा पांढरा मग होता, कडेला निळी रेघ असलेला. तो पडला की टवका उडायचा आणि खालचं काळं लोखंड दिसायचं. महागड्या घड्याळाची पांढरी डायल ही त्याच कुळातली, हे मला फार आवडतं. फरक कारागिरीचा. पांढऱ्यात काही लपत नाही. भाजताना धुळीचा एक कण बसला तरी काळा ठिपका कायमचा राहतो, आणि मग ती चकती बाद. थंड होताना धातू आणि काच सारख्या प्रमाणात आकसत नाहीत, म्हणून चकती वाकू नये यासाठी मागच्या बाजूलाही एनॅमलचा थर द्यावा लागतो. आकडेसुद्धा एनॅमलनेच उमटवून पुन्हा भाजतात. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीच्या खिशातल्या घड्याळावरचे आकडेही आज काळेभोर दिसतात. जपानमध्ये बनलेलं पहिलं मनगटी घड्याळ, सेकोचं १९१३ चं लॉरेल, तेही एनॅमलच्याच डायलचं होतं. अशी डायल भिंगातून पाहा. मधल्या छिद्राजवळ आणि कडेला पृष्ठभाग किंचित उतरलेला दिसतो, साय धरलेल्या दुधासारखा. छापील डायलला हे जमत नाही.

हे काम येणारे हात मुळातच मोजके. स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्लची दोंझे काद्रां ही १९७२ मध्ये सुरू झालेली एनॅमल डायलची कार्यशाळा युलिस नार्दां या घड्याळ कंपनीने २०११ मध्ये विकतच घेतली, यावरून अंदाज यावा. डायल पांढरी असो की निळी, घेताय त्यात माणसाचा वेळ आहे.

मग माझं मन निळीवरून उडालं कशानं? काट्यांनी.

पांढऱ्यावर बहुधा निळे काटे येतात, पोलाद तापवून निळे केलेले. कुठल्याही उजेडात ते वेगळे उठून दिसतात. माझ्या निळीवर चकचकीत पांढऱ्या धातूचे, सुईसारखे बारीक काटे होते. घरात ठीक. पण नागपूरचं ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यात दुपारी व्हरायटी चौकाच्या सिग्नलला गाडी थांबवली, मनगट बघितलं, तर नक्षीही चमकतेय आणि काटेही. एकात एक मिसळून गेलेले. हात तीन वेळा तिरका केला तेव्हा कुठे मिनिट काटा सापडला. पहिल्यांदा वाटलं, ऊनच जास्त आहे. पण संध्याकाळी ट्यूबलाइटखाली उलटा प्रकार. डायल जवळजवळ काळी, आणि काट्यांवर उजेड पडला नाही की तेही काळे.

मी सवय करून घेत होतो. मग एका रविवारी बाबांच्या हातात घड्याळ दिलं. त्यांनी ते दिवाणावर बसूनच खिडकीकडे धरलं, जवळ नेलं, लांब नेलं. “फारच सुंदर आहे रे,” म्हणाले, “पण याचे काटे कुठं गेले?” त्यानंतर मला त्या डायलमध्ये दुसरं काही दिसेचना. वेळ बघायला हात वर करायचो आणि आधी काटे शोधायला लागायचो. पांढरी त्यांनी पाच फुटांवरून वाचली, चष्मा न लावता.

हे माझ्या एका घड्याळाचं झालं. सगळ्याच निळ्या अशा असतील असं मी म्हणणार नाही. काही कारखाने पारदर्शक रंगावर पांढरे आकडे आणि चमक नसलेले रुंद काटे देतात, तिथे माझी तक्रार लागू होणार नाही. शिवाय तुमचं घड्याळ मुख्यतः संध्याकाळच्या समारंभात बाहेर निघणार असेल, तर निळीइतकं देखणं दुसरं काही नाही.

पांढरीचाही एक दोष आहे. तिच्यावर केसासारखी चीर पडली आणि त्यात मळ बसला, की करडा धागा दिसायला लागतो, आणि एकदा दिसला की डोळा तिथेच जातो. नागपूरच्या उन्हाळ्याची मात्र दोघींनाही भीती नाही. भट्टीतून आलेल्या काचेला आपले ४५ अंश म्हणजे काहीच नाही. भीती आहे ती पडण्याची, आणि काटे काढताना डायलवर जोर देणाऱ्या हाताची. सर्व्हिसला देताना डायल एनॅमलची आहे हे घड्याळजींना तोंडी सांगा आणि पावतीवरही लिहून घ्या. टवका उडाला तर ती जागा पुन्हा भाजून पूर्ववत करणं जवळपास अशक्यच असतं.

घ्यायच्या आधी घड्याळ दुकानाच्या दिव्याखाली पाहू नका. परवानगी घेऊन भर दुपारी फुटपाथवर या, हात गाडीच्या हँडलवर ठेवतो तसा धरा आणि एकदाच बघा. वेळ कळली तर निळी खुशाल घ्या.